चैनीची गाडी आणि चार महिन्यांचा पाऊस

जून उजाडला की ठाण्यातल्या मोठ्या गृहसंकुलांच्या पार्किंगमध्ये काही मोजक्या गाड्यांवर कव्हर चढते आणि ते दसऱ्याच्या पूजेलाच उतरते. या गाड्या रोजच्या कामाच्या नसतात. कुणी आयुष्यभराची बचत घालून घेतलेली जुनी पोर्शे बॉक्सस्टर असेल, कुणी जपलेली ऑक्टाव्हिया आरएस असेल, कुणाकडे सचिनच्या नावाने निघालेली मर्यादित आवृत्तीतली फियाट पॅलिओ एस-१० असेल. २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते सचिन तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना मिळाली, आणि स्पोर्ट्स कार म्हणजे काय याचे चित्र मराठी घरांत पक्के झाले. गाडी लाल, बुटकी, महाग, आणि मुख्य म्हणजे जपायची. या जपण्याचा पहिला नियम शौकिनांमध्ये वादापलीकडचा मानला जातो : पावसात गाडी भिजवायची नाही. प्रश्न चैनीचा आहे, हे आधीच मान्य करू. पण तो नीट सोडवायला बसले की लोखंड, हवा, डांबर, विमा आणि महापालिका असे सगळेच त्यात येतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीपुरते बोलायचे, तर हा नियम चुकीच्या गोष्टीला घाबरतो. वरून पडणारा पाऊस गाडीचे फारसे काही बिघडवत नाही. गाडी बिघडते ती एका जागी उभी राहून आणि खालच्या रस्त्यामुळे. म्हणून गाडी काढायची की नाही, हे आभाळाकडे बघून ठरवण्यात अर्थ नाही.

हा नियम आला कुठून, ते आधी पाहू. मोटारशौकाचे बहुतेक शहाणपण आपल्याकडे इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिकेतून आले. तिथल्या शौकिनांनी गाडी कव्हरखाली ठेवायची ती हिवाळ्यात, कारण तिथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ ओल्या रस्त्यावरून उडून गाडीच्या तळाला, सांध्यांना, ब्रेकच्या नळ्यांना चिकटते आणि पत्रा आतून खाऊन टाकते. या गंजाने तिथल्या कंपन्यांना इतके हैराण केले, की पोर्शेने सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ९११चा सांगाडा जस्ताचा लेप दिलेल्या पोलादाचा करायला सुरुवात केली. लंडनला वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. ठाण्यात २,५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. पण आपल्या रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही. जोराचा पाऊस तळाला लागलेला चिखल धुऊनही काढतो. मिठाच्या भीतीतून जन्मलेला नियम आपण पावसाला लावला आणि तो तपासून पाहायचे राहून गेले.

तपासायचे तर लोखंड कसे गंजते इथून सुरुवात करावी लागेल. गंज चढायला पत्रा ओलाचिंब व्हावा लागत नाही. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने शंभरएक वर्षांपूर्वी प्रयोगांनी दाखवले, की हवा स्वच्छ असेल तर दमट हवेतही लोखंड फारसे गंजत नाही. पण हवेत गंधकाच्या वायूसारखी अशुद्धी असेल, तर सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम चढतो. पृष्ठभागावर खाऱ्या हवेतले कण बसले असतील, तर ही पायरी आणखी खाली येते. आता ठाणे डोळ्यांसमोर आणा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला उल्हास नदीचे मुख, मध्ये कारखाने आणि अहोरात्र वाहणारी अवजड वाहतूक. जून ते सप्टेंबर इथली आर्द्रता ६० टक्क्यांखाली क्वचितच उतरते. म्हणजे कव्हरखाली कोरडी दिसणारी गाडी चारही महिने गंजायला लागणाऱ्या हवेतच उभी असते. याचा पुरावा बघायला प्रयोगशाळा नको. पावसाळ्यात दोन दिवस उभ्या राहिलेल्या कुठल्याही गाडीच्या चाकाच्या जाळीतून आत बघा : ब्रेकच्या बिडाच्या तबकडीवर नारिंगी भुकटी पसरलेली असते. गाडी निघाली की पहिल्या चार-पाच ब्रेकांत ती खरवडून जाते आणि तबकडी पुन्हा चकचकीत होते. गाडी निघालीच नाही, तर पॅडखालचा भाग एका वेगाने आणि उघडा भाग दुसऱ्या वेगाने गंजतो, तबकडीवर पॅडचा ठसा उमटतो आणि दसऱ्याला ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवते. मग गॅरेजवाला तबकड्या लेथवर लावायला सांगतो किंवा बदलायला. पावसात गाडी काढली असती तर हा खर्च बहुधा आलाच नसता.

उभ्या गाडीची दुखणी ब्रेकवर संपत नाहीत. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे एक पन्हळ असते. तिथून पाणी निघून जायला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. वर्षावृक्षाची आणि गुलमोहराची बारीक पाने तिथे साचून कुजतात, त्यांचा काळा लगदा होतो आणि छिद्रे बुजतात. छत उघडणाऱ्या गाड्यांत हाच प्रकार मागच्या बाजूला होतो. पहिल्या पिढीच्या बॉक्सस्टरमध्ये छताच्या निचऱ्याची भोके तुंबली की पाणी थेट केबिनमध्ये उतरते, आणि गाडी सुरू होऊ देणारे इमोबिलायझरचे युनिट आसनाखाली गालिच्याच्या पातळीवर बसवलेले आहे. ते भिजले की गाडीचे कुलूपच उघडत नाही. रोज वापरात असलेल्या गाडीत ओल्या गालिच्याचा वास दुसऱ्या दिवशी नाकाला कळतो. कव्हरखालच्या गाडीत तो कळायला ऑक्टोबर उजाडतो. तोवर चामड्याच्या आसनांवर पांढरी बुरशी धरलेली असते, बॅटरी उतरलेली असते, एकाच जागी भार पडून टायर चपटलेले असतात आणि बॉनेटखालच्या उबेला आलेल्या उंदरांनी वायरींचा समाचार घेतलेला असतो. त्यात २०२५ मध्ये आपल्या पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतले बाष्प ओढून घेते, आणि अर्धी रिकामी टाकी घेऊन चार महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीला ते मानवत नाही. उभी गाडी सुरक्षित असते हा समज किती महागात पडू शकतो, हे जुलै २०२१ मध्ये कांदिवलीच्या ठाकूर संकुलातल्या पालिकेच्या वाहनतळाने दाखवले. तळघरात पाणी शिरले आणि सुमारे ४०० वाहने बुडाली. त्यांतले एकही रस्त्यावर नव्हते.

यावर एक आक्षेप असा, की आधुनिक स्पोर्ट्स कार लोखंडाच्या असतातच कुठे? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूला झुकतो. सचिनच्या त्या फेरारीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनू लागलेल्या सॅन स्टॉर्म या छोट्या, उघड्या छताच्या गाडीचे अंग फायबरग्लासचे होते. दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत आली, तिचेही अंग पत्र्याचे नव्हते. अशा गाड्यांना वरच्या पावसाची भीती आणखी कमी. मात्र ॲल्युमिनियममध्ये पोलादाचा बोल्ट बसला आणि मध्ये ओल राहिली, की दोन धातूंच्या सांध्यावर ॲल्युमिनियम झिजू लागते. ही ओल जाते गाडी चालून गरम झाल्यावर. कव्हरखाली ती तशीच राहते. स्थानिक सवलत द्यायचीच, तर ती डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्याला द्यावी लागेल. हिरव्या पावसाच्या बातम्या इथूनच आल्या, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांनी चक्क गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्र्यांना येऊन तो बघावा लागला. अशा भागात पावसाचे थेंब रंगावर वाळू देणे वाईटच. त्यावरचा उपाय मात्र साधा आहे : घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने गाडी धुणे, तळासकट.

इथवर पावसाची बाजू घेतली. आता रस्त्याकडे वळले पाहिजे, कारण खरा धोका तिथे आहे आणि तो शौकिनांना वाटतो त्याहून मोठा आहे. पहिली गोष्ट पहिल्या सरींची. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने रस्त्यावर तेलाचे थेंब, टायरचे रबर, धूळ आणि सिमेंटची भुकटी साचत असते. पहिली सर ते सगळे वर आणते आणि वाहून मात्र नेत नाही. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवर २००४ मध्ये झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की आधीचा कोरडा काळ जितका लांब, तितका पावसाच्या दिवसाचा धोका जास्त. कोकणपट्टीइतका लांब कोरडा काळ फार थोड्या ठिकाणी असेल. म्हणून जूनचे पहिले दोन-तीन पाऊस मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या, रुंद टायरच्या गाडीने सोडून द्यावेत, यात दुमत नसावे. दुसरी गोष्ट रस्त्याच्या कामाची. जुलै २०२५ मध्ये कल्याण-शीळ मार्गावरचा पलावा उड्डाणपूल मोठ्या प्रतीक्षेनंतर खुला झाला आणि त्याच दिवशी काही तासांत बंद करावा लागला, कारण ओल्या पृष्ठभागावर दुचाकी घसरू लागल्या. त्या दिवशी पाऊस नेहमीचाच होता. घसरवणारा पृष्ठभाग नवा होता. पुलावर पडलेल्या दुचाकीस्वारांना पावसाने पाडले असे म्हणणे म्हणजे ठेकेदाराला छत्री धरणे होय.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि ती नेमकी स्पोर्ट्स कारची दुखरी नस आहे. रस्त्यावर पाण्याचा थर टायरच्या खाचांत मावेनासा झाला, की टायर पाण्यावर तरंगू लागतो. स्टिअरिंग हलके होते, ब्रेकचा उपयोग होत नाही. अमेरिकेच्या नासाने विमानांच्या टायरवर साठच्या दशकात केलेल्या प्रयोगांतून यासाठी एक सोपे सूत्र निघाले : टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाला १०.३५ ने गुणले, की तरंगण्याचा वेग मैलांत मिळतो. ३२ पीएसआय दाबाला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. हे गुळगुळीत टायर आणि पुरेसे साचलेले पाणी यांचे गणित. खाचा चांगल्या असतील तर सवलत मिळते, टायर रुंद आणि गाडी हलकी असेल तर ती सवलत काढून घेतली जाते. आपल्याकडे खाचांची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. कोरड्या रस्त्यावर पकड मिळावी म्हणून बनवलेले उथळ खाचांचे टायर त्या मर्यादेजवळ लवकर येतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा काँक्रीटचा रस्ता भिवंडी तालुक्यात, म्हणजे ठाणे-कल्याणकरांच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. शौकिनांना वाटले, अखेर गाडी सोडायला जागा मिळाली. तिथे मोटारींना ताशी १२० ची परवानगी आहे, पण भौतिकशास्त्र पावसात ९४ च्या आसपासच परवानगी मागे घेऊ लागते. पावसात समृद्धीवर जायला हरकत नाही. ८०ने जायची तयारी नसेल तर मात्र गाडी घरीच बरी.

चौथी गोष्ट खड्ड्यांची. त्यांच्याबद्दल चिडून बोलणे सोपे आहे, म्हणून आकड्यांत बोलू. रोजच्या वापरातल्या स्विफ्टचा १८५/६५ आर१५ मापाचा टायर घेतला, तर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे १२० मिलिमीटर रबर असते. २४५/३५ आर२० मापाच्या टायरमध्ये ते ८६ मिलिमीटर उरते. तुटलेल्या डांबराची तीन इंची कड ताशी ४०च्या वेगाने लागली, तर स्विफ्टचा टायर ती बहुधा गिळून टाकतो. दुसऱ्या टायरमध्ये रबर रिम आणि कड यांच्यात चेपले जाते, आतले धागे तुटतात, कडेला फुगा येतो आणि मिश्रधातूची रिम वाकते. आयात केलेल्या अशा गाडीवर शंभर टक्क्यांहून जास्त सीमाशुल्क भरलेले असते आणि सुटे भागही बाहेरूनच येतात, म्हणून एका खड्ड्याचे बिल मध्यमवर्गीय पगाराइतके होऊ शकते. आता रस्ते बघा. घोडबंदर मार्गावर मेट्रोचे खांब, मुख्य रस्त्यात मिसळून घेतलेले सेवा रस्ते आणि गायमुख घाटात दर पावसाळ्यात उखडणारा पृष्ठभाग. कल्याण-शीळ मार्गावर रुंदीकरण आणि कल्याण-तळोजा मेट्रोचे काम. नव्वदच्या दशकात याच मार्गावरच्या प्रीमियरच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ गाड्या बाहेर पडत. म्हणजे मोटारी बनवणारा रस्ता आज मोटारी मोडतो आहे. डांबर पाण्याने सुटते हे खरे, पण ते सुटते तिथे पाणी साचू दिलेले असते : गटाराचे झाकण रस्त्याच्या खाली बसलेले, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकचा सांधा उघडा राहिलेला, केबलसाठी खणलेला चर मातीने बुजवलेला. कोरड्या दिवसात हे सगळे डोळ्यांना दिसते आणि गाडी वळवता येते. पावसात त्यावर पाणी भरते आणि सगळे सपाट दिसू लागते. ठाण्यात पाऊस गाडीशी वैर करतो तो एवढ्यापुरताच : तो खड्डा लपवतो.

आणि पाचवी गोष्ट साचलेल्या पाण्याची, जिथे वादाला जागाच नाही. अनेक स्पोर्ट्स कारची जमिनीपासूनची उंची १०० ते १३० मिलिमीटर असते आणि हवा खेचणारी नळी बऱ्याचदा खालीच, बंपरच्या मागे असते. इंजिनात पाणी गेले तर ते दाबले जात नाही, दट्ट्या अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून बघण्याचा मोह बहुतेकांना आवरत नाही आणि इंजिन तिथेच संपते. साधा वाहन विमा या नुकसानीला सहसा 'परिणामी नुकसान' म्हणून बाजूला ठेवतो. इंजिनाचे जादा कवच वेगळे घ्यावे लागते, ते घेतले आहे का हे मेमध्ये बघायचे असते. एक फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींना उचलू लागते, असे अमेरिकेची हवामान सेवा सांगते. इथले पाणी काय करू शकते ते सांगायला अमेरिका नको. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस सुमारे १,०५० प्रवाशांसह अडकवली होती. अख्खी आगगाडी जिथे थांबते, तिथे जमिनीपासून चार इंच उंच असलेल्या गाडीने पुढे होऊ नये. वंदना टॉकीजसमोर पाणी भरल्याची खबर आली असेल, वालधुनी फुगली असेल, भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आले असतील, तर त्या दिवशी लोकल बरी, नाहीतर घर बरे.

मग इतके धोके मोजल्यावर गाडी काढा असे म्हणण्यात काय अर्थ उरला, असा दुसरा आक्षेप येईल. अर्थ असा, की हे पाचही धोके दिवसानुसार आणि रस्त्यानुसार बदलतात. 'पावसाळा' हा एक शब्द त्यांना मापू शकत नाही. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालू असतो. तेव्हा रस्ते धुतलेले असतात, पहिल्या सरीचे तेल केव्हाच वाहून गेलेले असते आणि रविवारी सकाळी सातला घोडबंदरवर ट्रक कमी असतात. अशा सकाळी अर्धा-पाऊण तास गाडी चालवणे तिच्या ब्रेकना, बॅटरीला, रबरी सीलना आणि आतल्या ओलीला औषधासारखे असते. आक्षेप घेणारे विक्रीच्या किमतीचा मुद्दा काढतात : 'पावसात कधी काढली नाही' असे सांगितले की भाव चढतो. चढत असेल. पण या दाव्याचा पुरावा कुणी देऊ शकत नाही. शहाणा गिऱ्हाईक गाडी लिफ्टवर चढवून तळ बघतो, निचऱ्याची भोके बघतो, तबकड्या बघतो आणि सर्व्हिसची कागदपत्रे मागतो. तिथे चाललेली आणि नीट धुतलेली गाडी झाकून ठेवलेल्या गाडीला हरवू शकते. तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो : गाडी काढायचीच तर मग माळशेजला का नाही? कल्याण-मुरबाडवरून पावसात माळशेजला जाणे हा इथल्या लोकांचा जुना आनंद आहे. पण जुलैतल्या शनिवार-रविवारी त्या घाटात दरडी असतात, धुके असते, रस्त्यातच थांबून फोटो काढणारी गर्दी असते आणि कधी जिल्हा प्रशासनाची बंदीही असते. तिथे या गाडीला ना वेग मिळतो ना मोकळी जागा.

उरतो तो चौथा आक्षेप, आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. ज्या शहरांत माणसे खड्ड्यांत पडून मरतात, तिथे स्पोर्ट्स कारच्या रिमची काळजी करणे शोभते का? २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांनी एकामागोमाग बळी घेतले, त्यांत शिवाजी चौकात दुचाकीवरून पडलेली एक महिला होती. त्या माणसांना गाडी काढू की नको हा प्रश्नच नव्हता. त्यांना कामावर पोचायचे होते. स्पोर्ट्स कारच्या मालकाला निवड आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर बंधनही जास्त आहे. साचलेल्या पाण्यातून वेगाने जाऊन शेजारच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत चिखल उडवायचा नाही, खड्डा चुकवण्यासाठी न बघता त्याच्या लेनमध्ये शिरायचे नाही, ओल्या पुलावर त्याच्या मागे चिकटायचे नाही. हे जमत नसेल तर गाडी उन्हाळ्यातही काढू नये. पण याच मालकाकडे आणखी एक गोष्ट आहे : त्याने भरलेला कर. महाराष्ट्राने १ जुलै २०२५ पासून मोटारीच्या एकरकमी कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेली, आणि पलावा पूल बंद पडला तोही त्याच महिन्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या गटारांमुळे मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. चांगला रस्ता हा नागरिकाचा हक्क आहे, ही भूमिका त्यामागे आहे. रस्त्याचा तपशील ज्याला सगळ्यांत बारकाईने दिसतो, ज्याला कुठल्या चौकात कुठली कड किती इंच वर आहे हे पाठ असते, त्याने ती जागा चुकवून पुढे निघून जाणे पुरेसे नाही. खड्ड्याचा फोटो, ठिकाण आणि तारीख महापालिकेकडे लेखी नोंदवावी आणि पोच ठेवावी. त्याच्या तक्रारीने वाचेल ती त्याची रिम असेल, पण मागून येणाऱ्या दुचाकीवरचा माणूसही वाचेल. गाडी जपायची तर कव्हर घेण्याआधी रस्ता मागितला पाहिजे. तो मिळेपर्यंत दिवस पारखून, टायर तपासून, ८० च्या आत, श्रावणातल्या सकाळी गाडी जरूर काढावी. भिजली तर पुसता येते.